रक्ताची गोष्ट – भाग ६ : तपासणी बाकी

नांदगावात जयंती असो, गणपती असोत की एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, मंडपात रक्तदानाच्या खाटा लागतातच. पोरं रांगेत उभ्या उभ्या फॉर्म भरतात आणि प्रश्न न वाचता वरपासून खालपर्यंत 'नाही'वर खुणा करत जातात. कावीळ झाली होती का? वर्षभरात गोंदवून घेतलंय का? गेल्या तीन महिन्यांत मलेरिया? त्या कागदाची मला फार काळजी वाटते. रक्ताची पहिली तपासणी तिथेच होते.

गेल्या आठवड्यात पिशवीतलं रक्त गोठत का नाही ते पाहिलं. आज पिशवीसोबत भरल्या जाणाऱ्या छोट्या नळ्यांकडे वळू. ३५० मिलिलिटर रक्त पिशवीत जातं, थोडंसं नळ्यांत, आणि दोन्हींवर एकच क्रमांक चिकटवतात. रक्तपेढीत पिशवी 'तपासणी बाकी'च्या फ्रीजमध्ये थांबते. नळ्यांतल्या रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया हे पाच आजार शोधतात. या पाचही चाचण्या सक्तीच्या आहेत. हिपॅटायटिस सीची सक्ती २००१ची; तो विषाणू ओळखू आला तोच मुळी १९८९मध्ये. एकातही दोष निघाला तर पिशवी बाद.

मग धोका उरतो कुठे? एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीच्या नेहमीच्या चाचण्यांचा भर असतो तो शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांवर. ती दिसू लागायला एचआयव्हीत साधारण तीन आठवडे लागतात, हिपॅटायटिस सीत दोन महिन्यांच्या आसपास. तोवर माणूस ठणठणीत, रिपोर्ट स्वच्छ, आणि रक्तात विषाणू. 'नॅट' ही चाचणी विषाणूचा जनुकीय अंशच पकडते, म्हणून एचआयव्हीचा हा आंधळा काळ दहा-बारा दिवसांवर येतो. पण ती महाग आहे, देशात सक्तीची नाही, आणि उरलेल्या दहा दिवसांचं काय, याचं उत्तर तिच्याकडेही नाही. ते फक्त दात्याकडे असतं.

२०२२मध्ये नागपुरात थॅलेसेमियाची चार मुलं रक्त घेतल्यानंतर एचआयव्हीबाधित आढळल्याची बातमी आली. त्यातलं एक दगावलं. या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. वयात येईपर्यंत किती अनोळखी माणसांच्या फॉर्मवर त्यांचा जीव टांगलेला असतो, हिशेब करून बघा.

म्हणूनच रक्तदात्यांना हेल्मेट नाहीतर कुकर वाटणं मला पटत नाही. कुकरसाठी आलेला माणूस खरं सांगून रिकाम्या हाती का जाईल? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८पासून बंदी आली, तीही सुरक्षित रक्तासाठीच.

चारचौघांत खाटेवरून उठून जायची लाज वाटते, हे खरं आहे. अशा वेळी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावं. तेही जमलं नाही, तर घरी गेल्यावर रक्तपेढीला फोन करून सांगावं, माझी पिशवी वापरू नका. संध्याकाळ झाली म्हणून मागे राहू नये. पिशवी बहुधा अजून त्या फ्रीजमध्येच असते.