श्वासात दारू नाही. मग पुढे काय?

रात्रीच्या नाकाबंदीत एखादी मोटार वेडीवाकडी येताना दिसते. पोलीस तिला थांबवितात. चालकाचे डोळे तारवटलेले, बोलणे जड. परवाना काढतानाही हात चाचपडत असतो. श्वास तपासणारे यंत्र पुढे केले जाते आणि त्यावर आकडा उमटतो शून्य. दारूची गोष्ट असती, तर प्रश्न येथेच मिटला असता. परंतु गांजा, अफू, झोपेच्या गोळ्या किंवा गुंगी आणणारे खोकल्याचे औषध यांपैकी कशाचाही पत्ता या यंत्राला लागत नाही. आता या माणसाला सोडावयाचे की अटक करावयाची?

1988 च्या मोटार वाहन कायद्यातील 185 व्या कलमाने दोन्ही नशांना एकाच गुन्ह्यात बसविले आहे. मोजमाप मात्र सारखे नाही. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला, की गुन्हा झाला. अमली पदार्थांसाठी असा आकडा नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास चालक असमर्थ ठरावा इतका अंमल असला पाहिजे, असे कायदा म्हणतो. ‘इतका’ म्हणजे किती, हे रस्त्यावर तरी हवालदाराच्या नजरेनेच ठरते. आणि नजर फसते. दोन रात्री जागून ट्रक हाकणाऱ्याचे डोळेही लालच असतात. मधुमेह्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरली, म्हणजे त्याचीही जीभ अडखळते.

हा पेच केवळ आपल्याकडचा नव्हे. 1970 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या पोलिसांपुढे तो उभा राहिला, तेव्हा तेथील काही अंमलदारांनी डॉक्टरांच्या साहाय्याने एक तपासणीपद्धती सिद्ध केली व 1979 मध्ये पोलीस खात्याने तिला मान्यता दिली. नाडी, रक्तदाब, उजेडात व अंधारात डोळ्याच्या बाहुलीचा आकार, एका पायावर उभे राहणे आणि अखेरीस प्रयोगशाळेची परीक्षा, अशा बारा पायऱ्या तिला आहेत. ही पद्धतीही अचूक नाही. पण पोलिसाला काय दिसले ते तिच्यामुळे कागदावर येते, आणि कागदावर आलेल्याची न्यायालयात उलटतपासणी होऊ शकते. ‘आरोपी नशेत दिसला’ या एका ओळीची काय उलटतपासणी करणार?

यंत्रावरच भिस्त ठेवू पाहणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचा अनुभव आठवावा. तेथे डिसेंबर 2004 मध्ये रस्त्यावरच लाळ तपासण्यास प्रारंभ झाला. पहिल्याच दिवशी छायाचित्रकारांच्या समक्ष एक चालक गांजाच्या संशयात सापडला. पुढे प्रयोगशाळेने त्याला निर्दोष ठरविले. तोवर त्याची बेअब्रू होऊन गेली होती.

गांजाचा आणखी एक घोळ आहे. त्याचा अंमल काही तासांत उतरतो. अवशेष मात्र लघवीत कित्येक दिवस, नित्य ओढणाऱ्याच्या बाबतीत काही आठवडेही सापडतात. म्हणजे गेल्या आठवड्यातील व्यसनाचा पुरावा आजच्या अपघाताला चिकटविता येतो. ब्रिटनने मार्च 2015 पासून निरनिराळ्या पदार्थांच्या रक्तातील मर्यादाच ठरवून टाकल्या. तेथे मर्यादा ओलांडली की पुरे. चालकाचा ताबा सुटला होता काय, हे सिद्ध करावे लागत नाही. सोय मोठी खरी, पण ती फिर्यादी पक्षाची.

आपल्या कायद्यात नागरिकाचे संरक्षण करणारी एक तरतूद आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. कलम 202 प्रमाणे अशा चालकास विनावॉरंट अटक करता येते. परंतु अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टराकडून त्याची तपासणी झाली नाही, तर त्याला सोडून द्यावे लागते. शहरात हे जमते. आडवळणाच्या नाक्यावर मध्यरात्री डॉक्टर कोठून आणावयाचा? दोन तास उलटले की निरपराध माणसाबरोबर खरोखरच झिंगलेलाही घरी जातो, कदाचित त्याच मोटारीतून.

2019 च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपये झाला. दंड वाढविण्यास एक दुरुस्ती पुरते. गुन्हा शाबीत करावयास महामार्गालगतच्या रुग्णालयात रात्रपाळीचा डॉक्टर, रक्ताचा नमुना नीट घेऊन मोहोरबंद करण्याची व्यवस्था आणि वेळेवर अहवाल देणारी प्रयोगशाळा लागते. वाढीव दंडातून येणारा पैसा सर्वप्रथम याच कामी लावण्यास सरकारची काय हरकत असावी?