घरगुती माल ऑनलाइन विकायचा, तर बाजार कसा निवडावा?

इंदूरच्या आमच्या शाखेत एक काकू ऐंशी हजारांची मुदत ठेव मोडायला आल्या. मुदत संपायला अजून सात महिने होते. कारण विचारले तर म्हणाल्या, "मॅडम, ऑनलाइन दुकान टाकतेय. कापडाचे तागे एकदमच घेऊन ठेवते." काकू बाळंतविडे शिवतात. मऊ मलमलीची दोन झबली, दोन टोपडी आणि एक दुपटे असा संच. ओळखीपाळखीत महिन्याला चार-पाच संच जात होते. भाचीने मोबाइलवर एका ऑनलाइन बाजाराचे पान दाखवले, त्यावर 'कमिशन शून्य' असे ठळक अक्षरांत होते, आणि काकूंचा निश्चय झाला.

ठेव खातेदाराची, ती मोडण्याचा हक्कही त्यांचाच. पण मुदतीआधी मोडली की बहुतेक बँका ठेव जितके दिवस राहिली त्या मुदतीचा दर लावतात आणि वर थोडा दंडही कापतात. म्हणून अर्ज भरण्याआधी आम्ही एक कोरा कागद घेतला. त्यावर मांडलेला हिशेब येथे देत आहे. बाजारांचे दर वस्तूप्रमाणे वेगळे असतात आणि वारंवार बदलतात. त्यामुळे खालचे आकडे रीत समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे तुमच्या बाजाराच्या दरपत्रकातून घ्या.

संचाची किंमत ५०० रुपये धरली. कापड, दोरा, नाडी मिळून १८० रुपये आणि पॅकिंगचे १५, म्हणजे घरचा खर्च १९५. आता बाजाराची कापणी. कमिशन १० टक्के म्हणजे ५० रुपये, दर ऑर्डरमागे ठरावीक शुल्क २० रुपये, माल पोहोचवण्याचे ६५ रुपये. झाले १३५. या सगळ्या सेवा असल्यामुळे त्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी २४ रुपये ३० पैसे. कापणी एकूण १५९.३०. खात्यात येणार ३४०.७०, त्यातून घरचा खर्च वजा केला की उरतात १४५.७०. काकू म्हणाल्या, "वाईट नाही." खरेच, इथपर्यंत वाईट नव्हते.

मग परत येणाऱ्या मालाकडे वळलो. कपड्यांमध्ये माल परत येणे नेहमीचेच. माप बसत नाही, फोटोतला रंग वेगळा वाटतो, घरपोच पैसे देण्याच्या ऑर्डरमध्ये तर गिऱ्हाईक दारातच नको म्हणते. दहापैकी दोन संच परत आले असे धरले. प्रत्येक परतीमागे नेण्या-आणण्याचे मिळून १३० रुपये आणि वाया गेलेले पॅकिंग १५. दोन्हींचे झाले २९०. परत आलेल्या दोनपैकी एक संच मळलेला, म्हणजे त्यातले १८० रुपयेही गेले. आठ विकल्या गेलेल्या संचांवर उरले होते ११६५.६०. त्यातून हे ४७० वजा केले की हातात ६९५.६०. विकलेले आठ आणि वाया गेलेला एक, अशा नऊ संचांना प्रत्येकी अडीच तास लागतात. म्हणजे साडेबावीस तासांच्या शिलाईचे ६९६ रुपये, तासाला ३१.

काकू काही वेळ बोलल्या नाहीत. स्वतःच्या वेळेचा हिशेब त्यांनी पूर्वी कधी मांडला नव्हता. घरी बसून काम करणाऱ्या बहुतेक बायका तो मांडत नाहीत, असे मला काउंटरवर नेहमी दिसते.

'कमिशन शून्य' म्हणजे काय, तेही त्याच कागदावर पाहिले. मीशोने २०२१ मध्ये शून्य कमिशनची पद्धत आणली. ॲमेझॉनने एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या अनेक प्रकारच्या वस्तूंवरचे कमिशन काढले. यात फसवणूक काही नाही. पण बाजाराची कमाई मग पोहोच-शुल्क, जाहिरात, इतर सेवा अशा ठिकाणांहून होते. शिवाय जिथे गिऱ्हाईक स्वस्त माल शोधत येते, तिथे किंमतही खाली ठेवावी लागते. असा संच तिथे ३५० ला विकला जातो असे धरा. पोहोच-शुल्क ७० आणि त्यावरचा जीएसटी १२.६० गेले, तर येतात २६७.४०. घरचे १९५ वजा जाता उरतात ७२.४०. कमिशन शून्य असूनही १० टक्के कमिशनवाल्या बाजाराच्या निम्मेच. म्हणून बाजाराचे नाव टाकून तुमच्यासारखीच वस्तू आधी शोधा आणि ती तिथे कितीला विकली जाते ते पाहा. दरपत्रक त्यानंतर वाचा.

एक मार्ग मात्र निघाला. ठरावीक शुल्क आणि पोहोच-शुल्क हे पार्सलमागे लागते, त्यामुळे लहान किमतीची वस्तू त्यात भरडली जाते. दोन संच एकत्र ९५० ला ठेवले तर कमिशन ९५, ठरावीक २०, जरा जड पार्सलचे ७५, त्यांवर जीएसटी ३४.२०, एकूण २२४.२०. खात्यात ७२५.८०. कापडाचे ३६० आणि पॅकिंगचे २० वजा करून उरतात ३४५.८०, म्हणजे संचामागे जवळजवळ १७३. गिऱ्हाइकाला ५० रुपयांची सूट देऊनही काकूंना जास्त उरले.

आता ऐंशी हजारांचा प्रश्न. काकू घरचे सगळे सांभाळून आठवड्याला आठ संच शिवू शकतात. संचाला १८० रुपयांचे कापड-साहित्य, म्हणजे ऐंशी हजारांत ४४४ संचांचा माल येतो. तो शिवायला ५५ आठवडे लागतील. वर्षभराहून जास्त काळ पुरेल एवढे मलमलीचे तागे कपाटात! छापा जुना झाला, ओल लागली, तर नुकसान वेगळेच.

खरी गरज किती, हे पैसे किती दिवस अडकतात त्यावरून ठरते. कापड घेतल्यावर शिलाईला आठवडा, ऑर्डर येईपर्यंत आठवडा, माल पोहोचायला पाच-सहा दिवस, मग परत करण्याची मुदत संपायची वाट आणि त्यानंतर बाजार पैसे जमा करणार. साधारण पाच आठवडे. आठवड्याला आठ संच गुणिले १९५ म्हणजे १५६०. पाच आठवड्यांचे ७८००. काकूंना भांडवल हवे होते आठ हजारांच्या आसपास. त्यासाठी ठेव मोडायची गरजच नव्हती. त्यांच्या बचत खात्यात तेवढे होते. नसते, तरी ठेवीवर कर्ज मिळते. त्याचा व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतो आणि ठेव जागेवर राहते.

म्हणून बाजार निवडताना कमिशनइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा, की माल पोहोचल्यापासून पैसे किती दिवसांनी जमा होतात. चार दिवस लवकर देणारा बाजार एक-दोन टक्के जास्त घेत असला, तरी लहान विक्रेत्याला तोच परवडू शकतो.

यानंतर काकूंचा मोठा भ्रमनिरास व्हायचा होता. त्यांची निम्मी गिऱ्हाइके पुण्या-नागपूरची, म्हणजे नात्यातली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही ऑनलाइन बाजारात माल विकता येतो. वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत हवी (मालासाठी बहुतेक राज्यांत ती ४० लाख आहे), आणि पॅनच्या आधारे जीएसटीच्या संकेतस्थळावरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पण ही सोय फक्त एकाच राज्यात विकणाऱ्यांना. इंदूरचा माल बाजारामार्फत भोपाळला जाईल, पुण्याला नाही. पुण्याला पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी हवी. करपात्र माल व्हॉट्सॲपवर विकून कुरिअरने परराज्यात पाठवला तरी नियम हाच. काही ठरावीक हस्तकला-वस्तूंना थेट विक्रीत सवलत आहे, पण आपली वस्तू त्या यादीत आहे का ते करसल्लागाराला विचारूनच पुढे जा.

नोंदणी घेणे नेहमी तोट्याचेच असे नाही. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के कर लावावा लागतो, विवरणपत्रे भरावी लागतात, सल्लागाराची फी येते. पण बाजाराच्या शुल्कावर जो १८ टक्के जीएसटी जातो, त्याची वजावट नोंदणी असलेल्यालाच मिळते. नोंदणीकृत विक्रेत्याच्या पैशातून बाजार अर्धा टक्का कर आधीच कापून ठेवतो (१० जुलै २०२४ पूर्वी तो एक टक्का होता). ही रक्कम तुमच्या जीएसटी खात्यात जमा दिसते आणि वापरता येते. प्राप्तिकराची कापणी वेगळी. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिचा दर ०.१ टक्का आहे. पॅन किंवा आधार दिलेला असेल आणि त्या बाजारातील वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल, तर व्यक्तीच्या नावाने विकणाऱ्याकडून ती होत नाही.

इथे बँकेत रोज दिसणारी एक चूक सांगते. पासबुकात कापून आलेली रक्कम दिसते, म्हणून लोक तीच विक्री समजतात. कराच्या हिशेबात उलाढाल म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेली पूर्ण किंमत. बाजाराचे महिन्याचे विवरण दरमहा उतरवून ठेवा. पुढे मुद्रा कर्जासाठी आलात, तर पासबुकासोबत आम्ही तेच मागणार.

ओएनडीसीचे नाव अनेकांनी ऐकलेले असते आणि त्याचे ॲप शोधून ते थकतात. ते एकच ॲप नाही. सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे ते खुले जाळे आहे. विक्रेता एका ॲपवरून त्यात शिरतो, गिऱ्हाईक दुसऱ्याच ॲपवरून माल पाहते. म्हणून तिथे विचारायचे ते हे, की विक्रेत्याचे ॲप किती घेते, गिऱ्हाइकाचे ॲप किती घेते आणि माल परत आला तर तक्रार कुणाकडे. बचत गटात असाल, तर ग्रामीण विकास मंत्रालयाचे ई-सरस हे गटांच्या मालासाठीचे दुकान पाहा. जेम हा सरकारी खात्यांच्या खरेदीचा बाजार. तिथे बाळंतविडे कोण घेणार, पण कापडी पिशव्या किंवा फाइली करत असाल तर विचार करा.

काकूंना मी सुचवले की पहिले सहा महिने एकच बाजार आणि सोबत ओळखीची विक्री, बस. तीन बाजारांत एकच संच लावला आणि तो दोन ठिकाणी विकला गेला, तर एक ऑर्डर रद्द करावी लागते आणि मानांकन घसरते. जाहिरातीचा पर्याय सुरुवातीला बंद ठेवा. ओळखीत तोच संच ४५० ला दिला आणि कुरिअर गिऱ्हाइकाने भरले, तर २५५ उरतात. पण बाजारातल्या पार्सलमध्ये स्वतःचा फोन नंबर घालून गिऱ्हाईक बाहेर वळवू नका. अनेक बाजारांच्या नियमांत त्याला मनाई आहे आणि दुकान बंद होऊ शकते. सदोष माल परत घ्यायला मात्र नकार देता येत नाही, ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसे स्पष्ट आहे.

दुकान उघडल्याचे कळताच फोन येऊ लागतात. "नोंदणी-शुल्क भरा", "पैसे घेण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा आणि शाखेला कळवा.

काकूंचे दुकान सुरू व्हायला शेवटी तीन आठवडे उशीर झाला, आणि तो हिशेबामुळे नव्हे. त्यांच्या पॅनवर माहेरचे नाव, खात्यावर सासरचे, आणि बाजाराला दोन्हीकडे एकच नाव हवे होते. विक्रेता म्हणून नोंदणी करण्याआधी पॅन, आधार आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवून नावाची अक्षरे जुळवून पाहा, फरक असेल तर तिन्हींच्या प्रती घेऊन शाखेत या.