कान निरोगी, तरी कान दुखतो

कान ठणकू लागला की घरातला पहिला उपाय ठरलेला असतो : लसणाची पाकळी घालून कोमट केलेल्या तेलाचे दोन थेंब. त्याने भागले नाही तर औषधाच्या दुकानातून आणलेले ड्रॉप्स, मग शेजारच्यांनी सुचवलेली अँटिबायोटिकची गोळी. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञ कान तपासतात आणि सांगतात, पडदा स्वच्छ आहे, सूज नाही, पू नाही. रुग्ण चक्रावतो. दुखते तर खरे, मग कानात काहीच कसे नाही?

मोठ्या माणसाचा कान दुखतो आहे आणि तपासणीत कान निरोगी दिसतो आहे, तेव्हा दात आणि जबड्याचा सांधा या दोन ठिकाणी आधी पाहायला हवे. दातांचा विचार निदान कोणाच्या तरी मनात येतो. सांध्याचा येत नाही, आणि आला तरी त्याच्याभोवती गैरसमजच फार असतात.

‘दुखते कानात, म्हणजे बिघाड कानातच’

कानाच्या छिद्रासमोर जो छोटा मऊ उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडून मिटा. बोटाखाली जे सरकताना जाणवते ते खालच्या जबड्याच्या हाडाचे टोक. कवटीच्या हाडातल्या खोबणीत ते बसते, मध्ये कुर्चेची एक चकती असते. हा सांधा नुसता बिजागरीसारखा फिरत नाही. तोंड मोठे उघडताना तो पुढेही सरकतो. त्याच्या आणि कानाच्या नळीच्या मध्ये हाडाची फक्त एक पातळ भिंत असते.

पण निव्वळ शेजार हे कारण पुरेसे नाही. खरी गोम मज्जातंतूत आहे. चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मोठ्या मज्जातंतूची एक शाखा या सांध्याला, कानाच्या पुढच्या भागाला, कानाच्या नळीला आणि पडद्याच्या काही भागालाही मिळते. एकाच वाटेने आलेली वेदना नेमकी कुठली, हे मेंदूला नेहमी ठरवता येत नाही. गालातल्या चावण्याच्या स्नायूचे दुखणेही असेच कानात उमटते. कानात दडा बसल्यासारखे वाटणे किंवा आवाज येणे अशा तक्रारीही सांधा दुखणाऱ्या रुग्णांत आढळतात.

म्हणून तेल आणि ड्रॉप्स इथे निरुपयोगी ठरतात. पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जाऊन नुकसान करू शकते. पावसाळी दमट हवेत सतत ओलसर राहिलेल्या कानात बुरशी वाढते, आणि मग नसलेला कानाचा आजार खरोखरच जडतो.

सांध्याचे दुखणे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. घास चावताना, जांभई देताना किंवा सकाळी उठल्यावर ते वाढते. कानासमोर किंवा गालावर दाबले की तेच ओळखीचे दुखणे जागे होते. तोंड उघडताना जबडा एका बाजूला झुकतो. ऐकू येण्यात मात्र सहसा फरक पडत नाही.

‘दातांची ठेवण चुकली, म्हणून सांधा बिघडला’

या समजुतीला इतिहास आहे. अमेरिकेतील सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये कानाच्या तक्रारी आणि जबड्याचा सांधा यांचा संबंध मांडला. दाढा पडल्या की जबडा प्रमाणापेक्षा जास्त मिटतो आणि हाडाचे टोक मागे सरकून दाब देते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुढे ते खोडून काढले. संबंध खरा निघाला, कारण चुकीचे ठरले. तरीही ‘चावा सुधारा, सांधा सुधारेल’ हा विचार अनेक दशके टिकला आणि त्यापायी असंख्य निरोगी दात घासून कमी केले गेले.

आज समजते ते असे : दातांची ठेवण आणि हे दुखणे यांचा संबंध क्षीण आहे. दात आवळून धरण्याची किंवा झोपेत दात खाण्याची सवय, जबड्याला बसलेला मार, संधिवात, अपुरी झोप, मनावरचा ताण आणि वेदनेविषयीची शरीराची संवेदनशीलता अशी अनेक कारणे एकत्र येतात. कानदुखी थांबावी एवढ्यासाठी निरोगी दात घासून घेऊ नयेत, माझे याबाबत स्पष्ट मत आहे. घासलेला दात परत येत नाही.

‘कट्कट् आवाज येतो, म्हणजे सांधा झिजला’

चकती थोडी पुढे सरकलेली असते. तोंड उघडताना हाड तिच्यावर परत चढते, तेव्हा आवाज होतो. कितीतरी निरोगी माणसांत तो आढळतो. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर उपचारांची गरज नाही. सावध व्हायचे ते आवाज अचानक बंद होऊन तोंड जेमतेम दोन बोटे उघडू लागले तर. सर्वसाधारणपणे स्वतःची तीन बोटे उभी मावतील इतके, सुमारे ४० मिलिमीटर किंवा थोडे जास्त, तोंड उघडायला हवे.

‘ऑपरेशनशिवाय पर्याय नाही’

बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत खराब चकतीच्या जागी टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकत्या बसवल्या गेल्या. चावण्याच्या दाबाने त्यांचे कण सुटले आणि काही रुग्णांत आजूबाजूचे हाड झिजत गेले. १९९०-९१ च्या सुमारास तिथल्या औषध प्रशासनाने त्या मागे घ्यायला लावल्या. या क्षेत्रातले डॉक्टर तेव्हापासून सबुरीने वागतात, आणि ते योग्यच आहे. अपवाद आहेत : लहानपणी हनुवटीवर पडून सांध्याचे हाड मोडते, ते कोणाच्या लक्षात येत नाही आणि सांधा जखडून जातो. अशा मुलाचे तोंड उघडत नाही, जबड्याची वाढही खुंटते. तिथे शस्त्रक्रियाच हवी, आणि वेळेवर हवी.

इतरांसाठी उपचार साधे आहेत. ते साधे आहेत म्हणूनच लोक ते मनावर घेत नाहीत. पहिला उपचार सवयीचा. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे, जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांमागे : विश्रांतीची स्थिती ही. दातांवर दात टेकायचे ते चावताना आणि गिळताना. मोबाइल पाहताना, दुचाकी चालवताना, हिशेब करताना आपण दात आवळतो का, हे दिवसातून अनेकदा तपासावे. काही आठवडे मऊ भात, खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी असे खावे. चिक्की, ऊस, भाजलेले कणीस, सुपारी आणि च्युइंगगम टाळावे. च्युइंगगमने जबड्याला व्यायाम होतो, हाही गैरसमजच. दुखऱ्या गालावर पंधरा-वीस मिनिटे कोमट शेक घ्यावा. जांभईच्या वेळी हनुवटीखाली मूठ धरावी. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडे दिवसच. पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच नको.

दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळले असेल तर फिजिओथेरपिस्टकडून जबड्याचे व्यायाम शिकून घ्यावेत. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ मध्ये जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि वेदनेशी जुळवून घ्यायला शिकवणारी मानसोपचार पद्धत यांना झुकते माप आहे. मानसोपचार सुचवले म्हणजे दुखणे खोटे ठरवले, असे कोणी समजू नये. ताणामुळे स्नायू आखडतात आणि वेदना अधिक बोचते. दुखणे शंभर टक्के खरे असते. रात्री दातांवर बसवायचा नाइट गार्ड दातांची झीज वाचवतो, पण दुखण्यावरचा तो हमखास इलाज नाही. घेतलाच तर दंतवैद्याकडून मापाने करून घ्यावा. ऑनलाइन मागवलेल्या गार्डने चावाच बदलू शकतो.

‘तोंड उघडत नाही, म्हणजे सांधाच आखडला’

महाराष्ट्रात हा गैरसमज सर्वांत घातक आहे. विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा, २०१२ पासून राज्यात बंदी असूनही खाल्ला जाणारा गुटखा, या सगळ्यांत सुपारी असते. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणे कमी होते. हा ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. मुंबईच्या संशोधक सत्यवती सिरसाट यांनी डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्यासह १९६६ मध्ये त्याची व्याख्या मांडली. त्याचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. जिभेचा किंवा घशाचा कर्करोगही कधी कधी एकाच कानाच्या दुखण्याने आपली पहिली चाहूल देतो.

चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर कमी होतो, तर हृदयाची तपासणी त्याच दिवशी करावी. पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागले आणि चावताना जबडा दमू लागला, तरी लगेच डॉक्टर गाठावा. कानातून पाणी, पू किंवा रक्त येणे, ऐकू कमी येणे, तापासह सूज, गालाला बधिरपणा, मानेत गाठ यांपैकी काही असेल तर घरगुती उपाय थांबवावेत. आणि तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्या कोणाचाही एक कान तीन आठवड्यांहून अधिक दुखत असेल, तर त्याच्या तोंडाची आणि घशाची तपासणी करून घ्या. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय दंत महाविद्यालयात ती होते.