धातूंच्या हायड्राइडांची स्फटिकरचना : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय अभ्यास

झिर्कोनियम, टिटॅनियम, पॅलॅडियम, इट्रियम इ. धातू हायड्रोजन शोषून घेतात व त्याचे अणू धातूच्या अणूंमधील पोकळ्यांत जाऊन बसतात. अशा संयुगांना धातवीय हायड्राइडे म्हणतात. हायड्रोजनाच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असल्याने क्ष-किरण विवर्तनात त्याची खूण फारच क्षीण उमटते. न्यूट्रॉन विवर्तनाने त्याचे स्थान ठरविता येते (सोडियम हायड्राइडाच्या बाबतीत हे १९४८ मध्ये साधले). परंतु त्याला नमुना मोठा लागतो व मिश्रधातूतील एखाद्या सूक्ष्म पट्टिकेची रचना त्याने वेगळी काढता येत नाही. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र एकाच पट्टिकेची प्रतिमा व तिचे विवर्तन चित्र पाठोपाठ घेता येते.

झिर्कोनियमाच्या षट्कोणी जालकात तापमान उतरताच हायड्रोजनाची विद्राव्यता झपाट्याने घटते व जादा हायड्रोजन हायड्राइडाच्या पट्टिकांच्या रूपाने बाहेर पडतो. यांपैकी डेल्टा हायड्राइड पृष्ठकेंद्रित घनीय असून त्याच्या एकक कोशिकेची बाजू सु. ४·७८ अँगस्ट्रॉम असते. गॅमा व एप्सिलॉन ही रूपे चतुष्कोणीय होत. पहिल्यात उभा अक्ष लांबलेला, तर दुसऱ्यात आखूड असतो. डेल्टा रूप बनताना घनफळ सु. १७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे भोवतालचे जालक ताणले जाते व हा ताण प्रतिमेत स्पष्ट दिसतो. पट्टिका ठिसूळ असतात. १९८३ मध्ये कॅनडातील पिकरिंग येथील विक्रियकाची एक दाबनलिका फुटली, ती हायड्राइडाच्या फोडांमुळेच. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या विक्रियकांतील दाबनलिकाही झिर्कोनियमाच्या मिश्रधातूच्या आहेत.

खरी अडचण नमुन्याची आहे. इलेक्ट्रॉन आरपार जाण्यासाठी तो सु. १,००० अँगस्ट्रॉम वा त्याहून पातळ करावा लागतो. आणि विद्युत् विच्छेदनाने वा आयन शलाकेने तो पातळ करतानाच झिर्कोनियम व टिटॅनियम यांत नवा हायड्रोजन शिरतो. सूक्ष्मदर्शकात दिसलेले हायड्राइड मूळ धातूत होतेच, असे समजण्याची घाई म्हणून करू नये. नमुना अतिशीत ठेवून आयन शलाकेने कापल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो. पॅलॅडियमाचे गाऱ्हाणे नेमके उलट आहे : निर्वातात त्याचे हायड्राइड हायड्रोजन सोडून देते. यासाठी नमुन्याभोवती अल्प दाबाचा हायड्रोजन वायू खेळविणारे सूक्ष्मदर्शक वापरतात.

या सर्व पद्धतींत प्रामुख्याने धातूचे जालक मोजले जाते व हायड्रोजनाचे स्थान त्यावरून अनुमानाने काढतात. २०११ मध्ये जपानमधील संशोधकांनी क्रमवीक्षण सूक्ष्मदर्शकास वलयाकार अभिज्ञातक जोडून इट्रियम हायड्राइडातील हायड्रोजन अणूंच्या रांगा प्रत्यक्ष प्रतिमेत टिपल्या. त्या चतुष्फलकीय पोकळ्यांच्या जागीच आढळल्या.