तानसेचं पाणी आणि ग्रामपंचायतीचं काम: अकलोलीतले काही गैरसमज

गैरसमज: हवामान बदल हा दिल्ली-मुंबईचा विषय. सरपंचाच्या हातात काय आहे?

जगाने धूर किती सोडायचा हे ठाणे जिल्ह्यातल्या अकलोलीत ठरत नाही, हे खरं. पण महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळला तर पाणी कुठल्या मोरीतून निघणार आणि कोणाच्या ओटीवर चढणार, हे गावातच ठरतं. 1992 च्या 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी 29 विषयांची यादी दिली. पाणलोट विकास, लघु पाटबंधारे, पिण्याचं पाणी, सामाजिक वनीकरण, रस्ते, मोऱ्या, पूल हे सगळं तीत आहे. ‘हवामान बदल’ असा शब्द नाही, एवढंच.

गैरसमज: झाडं लावली, सौरदिवे बसवले की झालं.

साताऱ्यातल्या मान्याचीवाडीने राज्यातलं पहिलं सौरग्राम होऊन दाखवलं, त्याचं कौतुकच आहे. पण सौरदिव्याने पूर थांबत नाही. प्रदूषण कमी करणं वेगळं आणि बदललेल्या पावसाला तोंड द्यायची तयारी वेगळी. फोटो मात्र पहिल्याचेच जास्त निघतात.

गैरसमज: नदीला पूर कधी येईल, हे आधी कोणाला कळणार?

बरंचसं कळतं. अकलोलीच्या वरच्या अंगाला तानसा नदीवर तानसा धरण आहे. 1892 मध्ये बांधून झालेलं हे धरण मुंबई महापालिकेच्या ताब्यात आहे. तलाव 128.63 मीटरच्या पूर्ण पातळीकडे सरकू लागला की नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. तो तहसील कार्यालयातून तलाठी, पोलीस पाटील यांच्यापर्यंत पोचतो. खरी अडचण त्यापुढे आहे.

अकलोलीची गरम पाण्याची कुंडं नदीच्या काठालाच आहेत. वज्रेश्वरीच्या दर्शनाला आलेली माणसं पुढे गणेशपुरीला जाताना इथे अंघोळीला उतरतात. ती गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नसतात आणि तानसेचा स्वभाव त्यांना ठाऊक नसतो. त्यांना बाहेर काढायला भोंगा हवा, कुंडाच्या पायऱ्यांवर पुराच्या पातळीच्या रंगीत खुणा हव्यात, रस्ता अडवायला दोरखंड हवा आणि दुकानदार, लॉजवाले यांच्यापैकी कोणी काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. कोणत्या घरात पाणी आधी शिरतं, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, ही यादी जिल्हाधिकारी कार्यालयात नसते. ती शिपायाला किंवा आशाताईंना तोंडपाठ असते. ती कागदावर आली पाहिजे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातही माणसं आणि साधनं सज्ज ठेवण्याचं काम स्थानिक संस्थांवर टाकलेलं आहे. धरणाच्या दरवाजांवर मात्र पंचायतीची सत्ता नाही. इशारा वेळेत मिळावा, एवढा आग्रह ती लेखी धरू शकते.

गैरसमज: एवढा पाऊस पडतो, इथे कसली टंचाई?

शेजारच्या शहापुरात बघा. मुंबईची तहान भागवणारी धरणं त्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकर तिथल्याच पाड्यांवर. कातळात पाणी फार मुरत नाही. उतारावरून ते थेट खाडी गाठतं. पावसाचे दिवस विस्कळीत झाले की आधी भाताची लावणी अडते आणि पुढे विहिरी लवकर तळ गाठतात. पाऊस ओसरल्यावर ओढ्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा श्रमदानातून उभा राहतो. त्याला मंत्रालयातली मंजुरी लागत नाही.

गैरसमज: इच्छा आहे, पण पंचायतीकडे पैसा कुठे?

भरपूर नाही, पण आहे. 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात पंचायतींना दिलेल्या अनुदानाचा 60 टक्के भाग पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याचा साठा आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवला. जलसंधारणाला रोजगार हमीची जोड मिळते. अडतं ते गावाच्या विकास आराखड्यात. तिथे पेव्हर ब्लॉक आणि प्रवेशद्वाराची कमान आधी बसतात, मोऱ्यांना जागा उरत नाही. 1 मेची ग्रामसभा पावसाच्या तोंडावर येते. मोऱ्यांतला गाळ कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत काढणार, हे विचारायला तीच वेळ.