जुने रशियन चांदीचे चमचे : ओळख आणि सत्यता-पडताळणी

प्रस्तावना

समजा, जुन्या वस्तूंच्या दुकानात तुमच्या हाती एक चांदीचा चमचा आला. दांडीच्या मागे बारीक ठसे आहेत : रशियन अक्षरे, एक आकडा, एका स्त्रीचा चेहरा. विक्रेता म्हणतो, ‘हा झारच्या काळातला आहे.’ त्याचे म्हणणे खरे की खोटे, हे कसे ठरवायचे? या पाठाचे सूत्र असे : एकट्या ठशाने काहीच सिद्ध होत नाही. सर्व ठसे एकमेकांशी आणि ते ज्या वस्तूवर आहेत तिच्याशी जुळले पाहिजेत.

1. ‘84’ या आकड्याचा अर्थ

झोलोत्निक हे जुने रशियन वजन सुमारे 4.27 ग्रॅमचे होते. 96 झोलोत्निकांचा एक रशियन पौंड होई. चांदीचा कसही याच मापाने सांगत, म्हणून शुद्ध चांदी म्हणजे 96. ‘84’ याचा अर्थ 96 भागांपैकी 84 भाग चांदी आणि उरलेले हीण, बहुधा तांबे.

आपल्याकडच्या कॅरेटशी याचा मेळ सहज बसतो. चोवीस चोक शहाण्णव. म्हणून झोलोत्निकाच्या आकड्याला 4 ने भागा. 84 म्हणजे 21 कॅरेटइतका कस (हजारात 875). 88 म्हणजे 22 कॅरेटइतका, म्हणजेच आपल्या दागिन्यांवर दिसणारा 916. 91 म्हणजे हजारात सुमारे 948. चमच्यांवर 84 हाच आकडा सर्वाधिक आढळतो.

2. ठशांवरून काळ

रशियात चांदीवर सरकारी ठसा मारण्याची व्यवस्था पीटर द ग्रेटने 1700 मध्ये हुकूम काढून घालून दिली. पुढील टप्पे लक्षात ठेवा.

(अ) एकोणिसावे शतक : शहराचे चिन्ह, कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरे व वर्ष, कसाचा आकडा आणि कारागिराची आद्याक्षरे. मॉस्कोचे चिन्ह भाल्याने अजगर मारणारा घोडेस्वार सेंट जॉर्ज. सेंट पीटर्सबर्गचे चिन्ह एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन नांगर आणि राजदंड.

(आ) 1899 ते 1908 : कोकोश्निक हे पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचे मस्तक, तोंड डावीकडे, सोबत 84 आणि अधिकाऱ्याची आद्याक्षरे. वर्ष नसते.

(इ) 1908 नंतर : तेच मस्तक, पण तोंड उजवीकडे. आद्याक्षरांऐवजी ग्रीक अक्षर : अल्फा असल्यास सेंट पीटर्सबर्ग, डेल्टा असल्यास मॉस्को.

(ई) 1927 पासून : हातोडा घेतलेल्या कामगाराचे मस्तक आणि 875 किंवा 916 असे हजारी आकडे.

(उ) 1958 पासून : ताऱ्यात कोयता-हातोडा.

(ऊ) 1994 पासून : कोकोश्निक पुन्हा आले, पण आकडा हजारी, उदाहरणार्थ 925. असा चमचा बनावट असेलच असे नाही. तो आधुनिक आहे एवढेच. अनेकांची फसगत होते ती इथेच.

रशियन अक्षरे वाचताना सावध राहा. रोमन ‘पी’सारखे दिसणारे अक्षर ‘र’ असते, ‘सी’सारखे ‘स’ आणि ‘बी’सारखे ‘व’.

3. ठसा नीट पाहा

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. पोलादी छापा ठोकून उमटवलेल्या ठशाच्या कडा तीक्ष्ण असतात. शतकभराच्या वापराने त्या झिजतात, पण ती झीज चमच्याच्या इतर झिजेशी मिळतीजुळती असते. ओतीव नकलेत ठसाही साच्यातूनच येतो. त्याच्या कडा गोलसर आणि तळ दाणेदार दिसतो. एका संचातील सहाही चमच्यांवर ठसा नेमक्या त्याच जागी, त्याच तिरपेपणाने असेल, तर शंका घ्या. हाताने ठोकताना इतकी एकसारखेपणा साधत नाही.

खऱ्या ठशाचा तुकडा कापून दुसऱ्या वस्तूला झाळूनही लावतात. ठशाभोवती तोंडाची वाफ सोडा. झाळीची रेघ असल्यास ती बहुधा क्षणभर उमटते.

4. धातूची परीक्षा

साध्या चमच्याची घनता काढता येते. चमचा हवेत 61.8 ग्रॅम भरला आणि दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलल्यावर 55.8 ग्रॅम. घट 6.0 ग्रॅम. 61.8 भागिले 6.0 म्हणजे 10.3. ‘84’ कसाच्या चांदीची घनता साधारण एवढीच येते. मुलामा दिलेल्या पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची 8.5 च्या आसपास येईल. मीनाकाम असलेल्या चमच्याला ही रीत लावू नका. काचेमुळे उत्तर चुकते. तिथे क्ष-किरण प्रतिदीप्ती तपासणी करून घ्या. तीत वस्तूला ओरखडाही पडत नाही.

मात्र घनता जुळली म्हणजे चमचा जुना ठरला, असे नाही. आजही 875 कसाची चांदी ओतता येते.

5. सोडवलेले उदाहरण

एका चमच्यावर सेंट जॉर्ज, 1879 हे वर्ष, 84, दुहेरी मुखाचा गरुड आणि ‘फाबेर्जे’ हे नाव आहे. धातू अस्सल चांदी आहे. निष्कर्ष काय?

फाबेर्जे पेढीला झारच्या दरबाराचा पुरवठादार म्हणून मान मिळाला 1885 मध्ये, आणि तिची मॉस्को शाखा सुरू झाली 1887 मध्ये. म्हणून 1879 सालच्या मॉस्कोच्या चमच्यावर हे नाव आणि हा गरुड शक्य नाही. चमचा 1879 चाच असू शकेल. पण मग नाव मागाहून, किंमत वाढवण्यासाठी ठोकलेले आहे. अशा वेळी ‘चमचा खरा, नाव खोटे’ अशी नोंद करावी लागते.

सारांश

आधी ठसे वाचा, मग त्यांचा आपसात मेळ घाला, मग भिंग आणि शेवटी धातू, हा क्रम पाळा. आम्ल लावू नका आणि तपासणीपूर्वी चमचा घासून चकचकीत करू नका. घासण्याने ठसे पुसट होतात, आणि ठसा गेला की तो चमचा कुठला, कधीचा, कुणाचा हे सांगणारा पुरावाच जातो.

स्वाध्याय : डावीकडे तोंड असलेले कोकोश्निक मस्तक आणि 875 हा आकडा एकाच ठशात दिसल्यास तुम्ही काय म्हणाल? दोन वाक्यांत कारण लिहा.