आतून निवडलेलं चाक

१९८४ साली म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवरून उतरताना जळक्या लाइनरचा वास आला आणि आमच्या टॅक्सीच्या चालकाने काही न बोलता गाडी कडेला घेतली. ॲम्बॅसडर होती. तो उतरला, पुढच्या चाकाकडे वाकून बघितलं, हात मात्र लावला नाही. मी तेव्हा कोल्हापूरहून हूटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला नुकताच आलो होतो आणि आईवडिलांना देवीच्या दर्शनाला नेलं होतं. "गाडी बिघडली का रे?" आईने विचारलं. प्रश्न मराठीत होता, तरी चालकाला तो कळला. बिघडली नाही अम्मा, दमली आहे, असं तो कानडीत म्हणाला. दहा मिनिटांनी आम्ही निघालो, ते थेट पायथ्यापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये.

त्या गाडीच्या चारही चाकांना ड्रम होते. ड्रम तापला की फुगतो, आतल्या लाइनरपासून दूर सरतो, आणि पेडल आणखी आणखी खाली जातं. डिस्कचं तसं नाही. ती उघड्यावर फिरते, वारा खाते आणि उष्णता लवकर टाकते. १९५३ साली ल मांच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्क लावून बाजी मारली, त्याला तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती. आमच्या टेकडीवर मात्र अजून ड्रमचंच राज्य होतं.

खरं तर चाक आणि ब्रेक यांच्याबद्दल म्हैसूरइतकं जाणणारं गाव दक्षिणेत दुसरं शोधावं लागेल. यादवगिरीत १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बनत होत्या, त्या १९९६ पर्यंत. मेटगळ्ळीला विक्रांतचे टायर, जो कारखाना १९९७ मध्ये जे. के.कडे गेला. हूटगळ्ळीला १९८१ मध्ये पुण्याच्या कल्याणींनी अमेरिकेच्या रॉकवेलबरोबर ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स उभी केली, तिथे ट्रकचे ॲक्सल आणि त्यांचे ड्रम ब्रेक होतात. तरीही ब्रेकवर चाक बसेल का, हा प्रश्न मी त्या काळात कुणाच्याच तोंडून ऐकला नाही. तो पडायचं कारणच नव्हतं. ॲम्बॅसडरला पंधरा इंची चाक, फियाटला चौदा, पुढे मारुती ८०० आली तिला बारा. जो ब्रेक कंपनीने दिला तो त्या चाकाच्या पोटात बसतच होता, आणि दोन्ही बदलायचा विचार कुणाच्या डोक्यात येत नव्हता.

नव्वदीच्या शेवटी अलॉय आले. लोक दुकानात भिंतीवर टांगलेलं चाक समोरून बघायचे आणि आवडलं की घ्यायचे. दुकानदार एकच विचारायचा, होल किती? होंडा सिटीला चार होल, शंभर मिलिमीटरच्या वर्तुळावर. पॅलिओलाही चारच, पण वर्तुळ अठ्ठ्याण्णवचं. या दोन मिलिमीटरच्या फरकाकडे काणाडोळा करून बोल्ट ओढून बसवलेली चाकं मी स्वतः पाहिली आहेत. तसा बोल्ट तिरपा ताण घेत राहतो आणि केव्हातरी सैल होतो. मधल्या भोकाचंही तेच. बाजारातल्या अनेक चाकांना ते मुद्दाम मोठं, ७३.१ मिलिमीटरचं ठेवलेलं असतं, म्हणजे कुठल्याही गाडीला चालावं. फोक्सवॅगन पोलोचा हब ५७.१ चा. मधली फट भरायला हब रिंग लागते, आणि ती नसली की ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं. चाकाची आतली बाजू कुणी बघत नव्हतं. मीही नाही, आणि माझं आयुष्य ब्रेकच्या कारखान्यात गेलं होतं.

माझ्यासाठी हे बदललं २०१६ मध्ये. चाकणला बनलेली पोलो जीटी माझ्याकडे होती. इंजिन चपळ, पण पुढची डिस्क २५६ मिलिमीटरची आणि मागे ड्रम. मसिनगुडीहून उटीला जाणाऱ्या कल्हट्टी घाटात छत्तीस हेअरपिन वळणं आहेत. त्या उतारावर ब्रेक गेल्याने इतके अपघात झाले की बाहेरच्या गाड्यांना तिथून उतरायला मनाई करावी लागली. बंदीच्या आधी मी त्या उतारावर एकदा तोच १९८४ चा वास घेतला. आल्यावर ठरवलं की ब्रेक मोठा करायचा.

भंगारात निघालेल्या जुन्या ऑक्टाव्हियाचे ब्रेक मिळाले. २८८ मिलिमीटरची डिस्क, जाडी पंचवीस, पाच होल आणि वर्तुळ शंभरचं, म्हणजे पोलोचंच. नंतर आलेल्या लॉराची डिस्क घेतली असती तर फसलो असतो, कारण तिचं वर्तुळ ११२ चं. चाकाचा हब धरणारी नकल बदलून घ्यावी लागली. औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला जोडलेल्या गाडीचा ब्रेक चाकणच्या गाडीला म्हैसूरमध्ये बसला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मोठ्या डिस्कने नेमकं काय मिळतं, याबद्दल फार गैरसमज आहे. एकदाच जोरात ब्रेक दाबला तर गाडी किती अंतरात थांबेल, हे टायरची पकड ठरवते. एबीएस लागलं, म्हणजे टायरने हात टेकले. तिथे मोठी डिस्क काही करू शकत नाही. तिची किंमत कळते दहाव्या आणि विसाव्या वळणावर, जेव्हा लहान डिस्क उष्णता साठवायला कमी पडू लागते. त्यामुळे जो फक्त शहरात फिरतो त्याने चांगले टायर घ्यावेत. ब्रेक मोठा करणं हे घाटात उतरणाऱ्याचं काम आहे.

चाक मी त्याच वेळी नवं घेतलं होतं, पंधरा इंचीच. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, डिस्क २८८, मग जागेला काय तोटा, असं कुणालाही वाटेल. पण तो आकडा टायर जिथे बसतो तिथला. टायर चढवता यावा म्हणून रिमच्या पोटात एक खोलगट पट्टा असतो, तो आत घुसलेला असतो, आणि काही चाकांत नेमका डिस्कला चिमटणाऱ्या कॅलिपरच्या डोक्यावर येतो. शिवाय कॅलिपर डिस्कच्या काठावरून बोटभर वर असतो आणि पुढेही फुगलेला असतो, थेट स्पोकच्या दिशेने. म्हणून एकाच मापाच्या, एकाच ऑफसेटच्या दोन चाकांपैकी एक बसतं आणि दुसरं घासतं. स्पोक आतल्या बाजूला खोल गेलेली, बश्यांसारखी चाकं दिसायला देखणी असतात आणि कॅलिपरला सर्वांत कमी जागा देतात.

हे मला माहीत होतं, म्हणून मी रीतसर तपासलं होतं. डिस्क आणि कॅलिपर टेबलावर ठेवून त्यांची बाजूची रेघ पुठ्ठ्यावर काढली, पुठ्ठा कापला, चाकाच्या आत मध्यावर धरून फिरवला. मग मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती कॅलिपरच्या पाठीवर थापली, चाक बसवलं, हाताने फिरवलं, काढलं आणि दबलेली माती मोजली. चार मिलिमीटर. तीन पुरेसे मानतात. मी निर्धास्त झालो.

सहा महिन्यांनी पॅड संपले, नवे घातले. दुसऱ्या दिवशी हुणसूर रस्त्यावरच्या एका वळणावर धातूवर धातू घासल्याचा आवाज आला. चाक उतरवलं तर स्पोकच्या मागे चकचकीत ओरखडा. कारण समजायला मला एक रात्र लागली. हा तरंगता कॅलिपर आहे. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, आणि बाहेरचा पॅड झिजतो तसा सगळा कॅलिपर हळूहळू आत, गाडीकडे सरकतो. मी माप घेतलं तेव्हा पॅड झिजलेले होते. नवे पॅड तीन मिलिमीटर जास्त जाड, तेवढा कॅलिपर बाहेर आला, फट उरली एक मिलिमीटर, आणि वळणावर चाक लवतं तेव्हा तीही संपली. माप नव्या पॅडवर आणि नव्या डिस्कवरच घ्यायचं असतं. तीस वर्षं ब्रेकच्या कारखान्यात काढलेल्या माणसाकडून ही चूक झाली, आणि तिचं मला फार वाईट वाटलं.

टायरवाल्याने उपाय सांगितला, "पाचचा स्पेसर घाला सार, काम झालं." स्पेसरने चाक पाच मिलिमीटर बाहेर जातं हे खरं. पण हबच्या ज्या कडेवर चाक टेकतं ती कड स्पेसर खाऊन टाकतो, आणि बोल्टाचे पाच मिलिमीटर आटे कमी पकडतात. फोक्सवॅगनला नट नसतात, बोल्ट हबमध्ये जातो, त्यामुळे बाहेरून बघून किती आटे लागले ते कळतही नाही. हब रिंगसकट बनवलेला स्पेसर आणि लांब बोल्ट घेतले तर चालतं. दुकानात जी मिळत होती ती साधी चकती होती. मी नको म्हणालो.

सोळा इंची चाक हा दुसरा रस्ता होता. पोलोच्या १८५/६० टायरसह चाकाची एकूण उंची ६०३ मिलिमीटर भरते, १९५/५५ आर १६ ची सुमारे ६२१. म्हणजे स्पीडोमीटर तीन टक्के मागे पडणार, आणि जड चाक फिरवायला इंजिनला आणि थांबवायला ब्रेकला जास्त राबावं लागणार. मिळवलेलं थोडं तिथेच परत द्यायचं.

उत्तर शेवटी त्याच भंगारवाल्याकडे पडलेलं होतं. ज्या ऑक्टाव्हियाचे ब्रेक काढले होते तिचीच चाकं. पंधरा इंची, रुंदी सहा, मधलं भोक ५७.१, साधे जाड स्पोक. तो ब्रेक आखणाऱ्यांनी त्याच चाकाखाली आखला होता, तेव्हा जागेचं गणित त्यांनी आधीच केलेलं. वजनदार गाडीची चाकं, त्यामुळे भार सोसण्याचीही चिंता नाही. माझे टायर तेच राहिले. नव्या पॅडवर मातीने साडेसहा मिलिमीटर दाखवले. दिसायला ती चाकं सामान्य होती. मला ती आवडू लागली.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगत आलो. आधी ब्रेक ठरवा, मग त्या ब्रेकबरोबर कंपनीने कुठलं चाक दिलं होतं ते शोधा, आणि बाजारातलं घ्यायचंच असेल तर पुठ्ठा घेऊन जा. रिमवर आयएसआय खूण बघा. २०२० मध्ये सरकारने रिमसाठी ती सक्तीची करणारा आदेश काढला. जपानी जेडब्ल्यूएल अक्षरं कुणीही ओतू शकतो.

सल्ल्यात एक बदल मात्र करावा लागला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेबाहेरचे बदल गाडीत करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्यानंतर आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांना विचारल्याशिवाय मी कुणाला ब्रेक बदलायला सांगत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती रस्ता सुरू झाला, त्याच वर्षी त्यावर इतकी माणसं गेली की ऑगस्टपासून दुचाक्या आणि रिक्षांना मुख्य रस्त्यावर बंदी झाली. त्या बातम्यांनी धास्तावून माझा भाचा तेव्हा घरी आला. "मामा, मलाही तुमच्यासारखे ब्रेक हवेत." मी त्याच्या गाडीचं ब्रेक ऑइल तपासलं. चार वर्षांचं होतं. डॉट ४ नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की १५५ लाच उकळतं, आणि उकळलं की पेडल मऊ पडतं. नवं ऑइल, चांगले पॅड, चांगले टायर. त्याचं काम तेवढ्यात झालं.

परवा टायर बदलायला गेलो होतो. बॅलन्सिंगची शिशाची वजनं आत चिकटवतात, आणि ती नेमकी कॅलिपरच्या वाटेत आली की पहिल्या फेऱ्यातच उडतात किंवा घासतात. हे मला सांगावं लागेल म्हणून मी उभाच होतो. दुकानातल्या पोराने वजनं स्पोकच्या मागे, काठापासून लांब लावली, चाक चढवलं, बोल्ट हाताने फिरवले. मग गाडी जॅकवर असतानाच कॅलिपर आणि रिम यांच्यामध्ये बोट घातलं आणि दुसऱ्या हाताने चाक सावकाश एक पूर्ण फेरा फिरवलं.